काकाजींच्या वाटेकडे तोंड

सौंसरच्या बसस्थानकासमोर यंदा जो संगमरवरी फलक बसवण्यात आला, त्यावर काकाजींचे जन्मगाव तेवढे बरोबर लिहिलेले आहे. बाकीचा मजकूर मला मान्य नाही. ‘भर पुरात धावत जाऊन त्यांनी संपूर्ण वस्तीचे प्राण वाचवले’ असे त्यावर कोरले आहे. अनावरणाच्या वेळी मी दोन शब्द बोलावेत अशी समितीची इच्छा होती. मी मजकूर आधी वाचायला मागितला, वाचला, आणि बोलण्यास नकार दिला. नुसता नकार देऊन थांबलो नाही. काकाजी धावले नाहीत, कुणालाही धावावे लागू नये अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती, असे वाक्य मी सुचवले. समितीचे चिटणीस माझेच जुने विद्यार्थी. त्यांनी नम्रपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘सर, असं लिहिलं तर लोकायले वाटन, यायनं काहीच केलं नाई.’

तेव्हापासून गावात बोलले जाते की म्हाताऱ्याला काकाजींचे मोठेपण पाहवले नाही. या आरोपाला मी टपरीवर उभा राहून उत्तर देणार नाही. आयुष्यभर मी महाविद्यालयात इतिहास शिकवला. पाहणाऱ्याची साक्ष आधी आणि ऐकणाऱ्याची नंतर, एवढे तरी त्यातून शिकलो. काकाजींच्या बाबतीत पाहणारा मी आहे. त्यांच्या घराच्या माडीवर भाडेकरू म्हणून आलो, निवृत्त झालो तरी हललो नाही, आणि आजही तिथेच राहतो. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. ते फलकावर आहे, आणि तिथे त्याची पुरेशी अडचण झालेली आहे. सारा गाव त्यांना काकाजी म्हणे. मीही तेच म्हणेन.

मी मूळचा पांढुर्ण्याचा. सौंसरला नोकरीवर आलो तेव्हा खोली शोधत काकाजींच्या दारात उभा राहिलो. घरमालक सहसा जे विचारतात त्यातले त्यांनी काहीही विचारले नाही. त्यांनी विचारले, ‘ट्यूबलाइट वापरता का तुमी? चोक कोणता हाये?’ चोकमुळे रेडिओत खरखर येते हे मला पुढे कळले; तेव्हा चोक म्हणजे काय हेच नीट ठाऊक नव्हते, आणि ते मी कबूल न करता काहीतरी ठोकून दिले. मग त्यांनी एक ट्रान्झिस्टर माझ्या हातात दिला आणि मला माडीवरच्या खोलीत भिंतीकडेने चालायला लावले. आवाज कुठे स्वच्छ होतो ते सांगा, म्हणाले. खिडकीपाशी आवाज असा उजळला की जणू निवेदक खिडकीबाहेरच उभा आहे. मी तसे सांगितल्यावर ते समाधानाने म्हणाले, ‘मग तिथं पलंग नका टाकू, परफेसर. तिथं रेडिओ राहीन.’ माझ्या खोलीतली सर्वांत हवेशीर जागा त्यांच्या रेडिओला मिळाली आणि मी अनेक वर्षे दाराच्या फटीतल्या वाऱ्यात झोपलो. त्याबद्दल मी त्यांच्याशी पुष्कळ भांडलो. आता ती जागा रिकामी आहे. पलंग मी अजून तिकडे सरकवलेला नाही.

काकाजींनी तरुणपणी नागपूरला जाऊन विज्ञानाची पदवी घेतली होती, आणि नोकरीच्या भानगडीत न पडता ते वडिलोपार्जित संत्र्याच्या बगीच्यात परतले होते. बगीचा ते नेटाने सांभाळत. पण त्यांचे मन असे ते गच्चीवर. जुन्या दूरदर्शनच्या छपरांवरचे अँटेना लोकांनी काढून भंगारात टाकले, ते सगळे त्यांच्याकडे जमा झाले. ॲल्युमिनियमच्या त्या काड्या कापून, मागची लांब, मधली तारेला जोडलेली आणि पुढच्या क्रमाने आखूड, अशा ते एका दांड्यावर बसवत आणि तो दांडा बांबूच्या टोकावर चढवत. फळांनी वाकलेल्या संत्र्याच्या फांद्यांना टेकू म्हणून आणलेले बांबू एकेक करून गच्चीवर जात. माणसे काय म्हणतात याची त्यांना फिकीर नव्हती. फक्त एखादी काडी बोटभर चुकली तर ते दिवसभर जेवायचे विसरत.

हा सगळा खटाटोप गाणी ऐकण्यासाठी होता असे सांगणारे अजून आहेत. कुणी म्हणते, त्यांना क्रिकेटच्या समालोचनाचा नाद होता. दोन्ही खोटे. काकाजींना एकच गोष्ट ऐकायची असे: मधेच कार्यक्रम थांबवून जी सूचना दिली जाते ती. वीज, गारपीट, अतिवृष्टी, पूर. आमचा मुलूख मध्य प्रदेशात आणि आमची भाषा सांगणारा रेडिओ नागपूरचा. ‘विदर्भ आणि लगतचा भाग’ या शब्दांतला लगतचा भाग म्हणजे आपण, असे ते अभिमानाने सांगत. जिल्ह्याचे रेडिओ केंद्र घाटावर, मधे सातपुड्याची भिंत; नागपूर दूर, पण खालच्या अंगाला मोकळे. त्यामुळे त्यांच्या साऱ्या काड्या आग्नेयेकडे तोंड करून असत.

एकदा मी त्यांना म्हणालो की इतक्या लांबचे ऐकू येणारे यंत्र तुम्ही बनवता, ही मोठीच गोष्ट आहे. त्यांना ते आवडले नाही. म्हणाले, ‘ऐकाले तर साधी तारबी ऐकते. अँटेना न ऐकाले असते, परफेसर.’ आणि मग त्यांनी मला जे समजावले ते मी पुढे वर्गातही वापरले. उघड्या तारेला चारी दिशांचे सारे ऐकू येते: कापसाच्या जिनिंगच्या मोटारी, शेजारचा पंप, डुकरे येऊ नयेत म्हणून बगीच्याच्या तारांत वीज सोडणाऱ्या झटका मशीनची टिकटिक. या गोंगाटात नागपूरचा क्षीण आवाज बुडून जातो. कौशल्य आहे ते तीन दिशांना बहिरे होण्यात. अँटेनाची पाठ जितकी बहिरी, तितका त्याचा चेहरा तीक्ष्ण.

हाच नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. अंगणात त्यांची एक आरामखुर्ची असे. आलेल्या माणसाचे बोलणे पटले नाही की ते वाद घालत नसत. उठत, खुर्ची उचलून पाठ त्याच्याकडे करत आणि पुन्हा बसत. नगरपालिकेचे सदस्य, नातेवाईक, विम्याचा माणूस, सगळ्यांनी त्या खुर्चीची पाठ पाहिली आहे. मी तर ती इतक्यांदा पाहिली की तिच्या वेताची वीण मला पाठ आहे. बातम्यांच्या वेळी घरातली सर्व विजेची उपकरणे बंद असत. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, खोबरे-लसूण पाट्यावर वाटत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, ‘ढगानं गरजलेलं चालते यायले, माझा मिक्सर नाई चालत.’ त्यांच्याकडे मात्र काकाजींनी कधी पाठ केल्याचे मला आठवत नाही.

पांढुर्ण्याच्या लग्नाची गोष्टही दोन्हीकडून चुकीची सांगितली जाते, म्हणून ती येथेच निकालात काढतो. लग्न माझ्या पुतणीचे, महिना फाल्गुन. काकाजी वऱ्हाडी म्हणून आले ते छत्रीसारखा मिटणारा एक छोटा अँटेना झोळीत घालूनच. मांडवात सगळे अक्षता घेऊन उभे, आणि हे शेजारच्या गच्चीवर. खाली आले ते थेट माझ्या भावापाशी. गारपिटीची सूचना आहे, पंगत शाळेच्या टिनाखाली न्या, असे त्यांनी त्याच्या कानात सांगितले. मुलीचा बाप त्या घटकेला काय ऐकणार? तो चिडला, पण मी काकाजींच्या बाजूने उभा राहिलो, आणि पंगत हलवली गेली. गारा आल्या नाहीत. चार थेंब पडले, मांडवाची झालर ओली झाली आणि ऊन निघाले. वरपक्षातले एक गृहस्थ जिलेबी खाता खाता म्हणाले, ‘काकाजी, तुमच्या गारा कुठं अडकल्या?’

‘लोधीखेड्याकडं उतरल्या असतीन. तुमी जेवा,’ काकाजी म्हणाले आणि स्वतःही शांतपणे जेवले.

आज पांढुर्ण्यात काही लोक शपथेवर सांगतात की लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि काकाजींनी लग्न वाचवले. दुसरे सांगतात की त्यांनी लग्नाचा विचका केला. मी तिथे होतो. लग्न वाचलेही नाही आणि बिघडलेही नाही; लोक टिनाखाली जेवले, एवढेच. परतताना बसमध्ये मी त्यांना छेडले, तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, ‘इशारा मंजे वचन नाई. खोटा निघाला तं हसू होते. त्या हसण्याले भेलं, तं खऱ्याच्या वक्ती तोंड उघडत नाई माणसाचं.’ हसू झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर इतके निवांतपण मी पुन्हा पाहिले नाही.

आता त्या वस्तीकडे येतो.

मोहगावच्या पलीकडे, टेकड्यांच्या पोटात मूठभर घरांची एक वस्ती आहे. आमच्याकडे अशा वस्तीला ढाणा म्हणतात. पांढुर्ण्याकडे जाणारा रस्ता तिच्या उत्तरेला आहे. फाट्यावर उतरून, नाल्यावरचा रपटा, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा ठेंगणा पूल, ओलांडून खाली गेले की घरे लागतात. नाला घरांच्या अगदी अंगाला. वर कुठेतरी पाऊस झाला की वस्तीवर ऊन असतानाही तो भरून येतो. मोबाइल त्या खोलगटात तेव्हा लागत नसे. फलकवाल्यांनी छापलेल्या पत्रकात लिहिले आहे की काकाजींचा मुलगा याच नाल्यात वाहून गेला आणि त्या दुःखातून ते या कार्याकडे वळले. काकाजींना मूलबाळ नव्हते. ते तिथे गेले होते बांबू आणायला.

वस्तीतल्या गुंफाबाईंच्या ओसरीवर ते पाणी पिण्यास टेकले आणि सवयीने त्यांनी तिथला रेडिओ लावून पाहिला. झटका मशीनच्या टिकटिकीपलीकडे त्यातून काहीही येत नव्हते. काकाजींना त्या क्षणी करुणा वगैरे आली नाही. ते संतापले. नाला भरला तर तुम्हाला कळते कसे, असे त्यांनी विचारले. गुंफाबाई म्हणाल्या की नाला स्वतःच सांगतो, आवाज येतो ना. घरी येऊन काकाजी मला म्हणाले, ‘आवाज येईन तवा पानी दारात राहीन, परफेसर. एवढं सरळ गणित हाये.’ त्या दिवसापासून वस्तीला सूचना ऐकू आली पाहिजे, हे एकच त्यांच्या डोक्यात राहिले.

त्यांनी त्या खोलगटासाठी लांब दांड्याचा, पाठीने अगदी ठार बहिरा असा अँटेना तयार केला. ज्या झटका मशीनवर त्यांचा राग, तिच्याच जुन्या बॅटरीवर त्यांनी गुंफाबाईंचा रेडिओ जोडला. बांबू मात्र त्यांनी घट्ट रोवला नाही; लोखंडी नळीत सैल उभा केला. जोराचा वारा आला की दांडा फिरावा, मोडू नये. फिरलेला परत वळवता येतो, असे त्यांचे म्हणणे. अडचण तिथूनच सुरू झाली. वारा दांडा फिरवी, आणि वस्तीतले लोक तो परत वळवीत. पण नागपूरकडे नव्हे. काकाजी ज्या रस्त्याने येत, त्या उत्तरेच्या फाट्याकडे. हा आवाज काकाजींनी आणला, काकाजी तिकडून येतात, तर आवाजही तिकडूनच येणार. शिवाय ज्याने एवढे केले त्याच्याकडे पाठ कशी करायची? आणि उत्तरेला तर झटका मशीनचे बगीचे.

काकाजींनी परोपरीने समजावले. हा माझा आवाज नाही बाई, मी इथे तुमच्यासमोर बसलो आहे, तो दूर नागपूरहून येतो. गुंफाबाई म्हणाल्या, ‘असन जी. पन तुमी आले म्हनून थो येते ना?’ मग काकाजींनी बांबूच्या बुडाशी एक दगड बसवला आणि त्यावर लाल रंगाने बाण काढून दिशा दाखवली. पुढच्या खेपेला गेले तर दगडाला आपादमस्तक शेंदूर, पुढे नारळ, आणि देवाचे तोंड पूर्वेला हवे म्हणून तो नीट पूर्वेकडे वळवलेला. हे ऐकून मी हसलो तेव्हा काकाजींनी खुर्ची उचलली आणि पाठ माझ्याकडे केली.

त्यानंतर त्यांनी जे केले, त्यावरून सौंसरमध्ये त्यांच्या वेडाविषयी उरलीसुरली शंका संपली. ते फाट्यावर उतरेनासे झाले. आधीच्या थांब्यावर बस सोडायची, कपाशीच्या शेतांतून, दोन बगीच्यांच्या कुंपणाला वळसा घालून टेकडी चढायची, आणि वस्तीत उतरायचे ते आग्नेयेकडून. पायाखाली वाट अशी नव्हतीच. त्यांच्या चालण्याने ती पडली. गुडघा दुखरा, हातात काठी, झोळीत पक्कड आणि तार. कुणी म्हणाले, फाट्यावरच्या लोकांशी त्यांचे जुने वैर आहे. कुणी म्हणाले, टेकडीपलीकडे त्यांची कुणी बाई आहे; हे काकींच्याही कानावर आले, आणि त्या म्हणाल्या की असेल तर तिला मिक्सर तरी नीट लावू देत असतील का ते विचारा. मीही पहिल्याने हा लहरीपणाच समजलो. एकदा त्यांच्यासोबत गेलो, टेकडीच्या माथ्यावर दम खायला थांबलो, आणि समोर खाली वस्ती, वस्तीत बांबू, बांबूवर त्या काड्या दिसल्या. त्यांचे तोंड आमच्याकडे होते. काकाजींनी काठी उलट्या दिशेला, आमच्या पाठीमागे धरली.

‘इकडं काय हाये, परफेसर?’

मी क्षणभर विचार करून म्हणालो, ‘नागपूर.’

‘मग झालं तं,’ ते म्हणाले आणि उतरू लागले.

लोकांना दिशा शिकवता येत नाही असे दिसल्यावर या माणसाने स्वतःच दिशा बदलली होती. माझ्याकडे पाहायचे आहे ना, पाहा. मी नागपूरच्या बाजूने येतो. सौंसरमध्ये कुणाला त्यांनी हे सांगितले नाही, आणि मलाही सांगू दिले नाही. वस्तीला कळले तर ते ओशाळतील, एवढेच कारण दिले.

ते अँटेनावरून पडले आणि खुबा मोडला, ही आणखी एक दंतकथा. ते न्हाणीघरात घसरले. त्याच्या थोडे आधी ते वस्तीत गेले होते, नेहमीप्रमाणे टेकडीवरून. पण तिथे गुडघा इतका सुजला की गुंफाबाईंच्या मुलाने त्यांना मोटारसायकलवर घालून उत्तरेच्या रस्त्याने फाट्यापर्यंत सोडले. आल्यावर ते बेचैन होते. पुढच्या आठवड्यात टेकडीवरून एक चक्कर मारून येतो, म्हणाले. ती चक्कर राहून गेली. पाऊसकाळ आला आणि ते खुर्चीला खिळले.

श्रावणातली ती दुपार. सौंसरवर आभाळ फक्त धुरकट होते, आणि दोन दिवस पश्चिमेचा वारा जोरात होता. माझ्या खिडकीजवळच्या रेडिओवरचे गाणे मधेच थांबले. वरच्या भागात अतिवृष्टी झाली आहे, नदीनाल्यांच्या काठावरील लोकांनी ताबडतोब उंच जागी जावे. मी खाली धावलो. पण अंगणातल्या रेडिओवर काकाजींनी तेच ऐकले होते. मी फाट्यावरच्या चहावाल्याला फोन लावला. तो म्हणाला, रपट्यावरून पाणी चालले आहे, पलीकडे जाणे शक्य नाही, वस्तीवर काय आहे ठाऊक नाही. मी छत्री घेतली. मोहगावच्या बाजूने, टेकडीवरून जाऊन पाहतो, असे म्हणालो.

‘बसा,’ काकाजी म्हणाले. ‘तुमी पोचसान तोवर जे व्हायचं थे होऊन जाईन. धावाच लागत असन, तं अँटेना कायले लावला मी?’

हे वाक्य फलकावर हवे होते.

मी बसलो. त्यांनी काकींना खुर्ची पश्चिमेकडे, वस्तीच्या दिशेने, वळवायला सांगितली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘वाऱ्यानं दांडा फिरला असन. फिरला तं थे वळवतीन, त्याचं नाई. पन मागच्या बारीले मी आलो टेकडीवरून, आन गेलो रस्त्यानं. आता कोनती वाट धरतीन थे?’

आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला उत्तर देत आलो; त्या दिवशी मी नुसती छत्री कोपऱ्यात उभी केली. त्यांच्या चहावर साय धरली. संध्याकाळपर्यंत आणि नंतरही त्यांनी खुर्ची हलवू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर गुंफाबाई आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, पदरात काकडीसारखी चार वाळकं बांधलेली. दारातूनच त्यांनी सांगितले की सगळे आहेत; नाल्याने दोन गोठे नेले, त्यांच्या घराची मागची भिंत नेली, माणूस आणि जनावर एकही गेले नाही. रेडिओवर ऐकल्याबरोबर म्हाताऱ्यांना खाटेवर घालून टेकडीवर नेले, मग शेळ्या, मग दाणे. वर पोचून मागे पाहतात तो नाला अंगणात. ऊन होते जी तेव्हा, असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ऊन होते आणि पाणी आले.

काकाजींनी बाकी काहीच विचारले नाही. ‘दांडा फिरला होता का, बाई?’

‘फिरला होता ना. सकाळीच वळवला म्या.’

‘कोनीकडं?’

‘तुमच्या वाटेकडं जी. आनखी कोनीकडं?’

‘मी तं रस्त्यानं गेलो होतो मागच्या बारीले.’

गुंफाबाईंना हा प्रश्नच कळेना. अडाण्याला समजवावे तशा सुरात त्या म्हणाल्या, ‘गेले ना रस्त्यानं. आले तं टेकडीवरून. जानाऱ्याच्या वाटेकडं कोन पाहते जी? मानूस येनाऱ्याच्या वाटेकडं पाहते.’

काकाजींनी खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर हात टेकले. खुबा मोडलेला माणूस. काकी आणि मी पुढे झालो, तर त्यांनी मानेनेच नको म्हटले. स्वतःच्या हाताने, कण्हत, इंच इंच करत त्यांनी ती खुर्ची वळवली आणि तोंड गुंफाबाईंकडे करून बसले. मग काकींना म्हणाले, ‘चहा टाक. बाई चालत आली.’

त्यांच्या पराक्रमाचा तो संपूर्ण वृत्तांत. यात धावणे नाही, पूर ओलांडणे नाही. फलकावर जो वीर आहे तो कुणीही असू शकला असता. तीन दिशांच्या बहिरेपणातून ऐकणे घडवणारा, आणि लोकांच्या मायेची चूक दुरुस्त न करता तिलाच कामाला लावणारा माणूस मात्र मी एकच पाहिला, आणि तो तिथे कोरलेला नाही.

काकाजींना जाऊन आता काही पावसाळे झाले. टेकडीपलीकडे मोबाइलचा मनोरा उभा राहिला आहे. सूचना आली की वस्तीतले सारे फोन एकदम किंचाळतात, आणि मी अन्यायाने बोलणार नाही, ती चांगलीच गोष्ट आहे. अँटेना काढून टाकावा, असे तरुण म्हणतात. गुंफाबाई जिवंत आहेत तोवर त्यांचे कुणी ऐकणार नाही. सौंसरला खाली काकी एकट्या आहेत. आता त्यांना मिक्सर लावायला कुणाची बंदी नाही. बातम्यांच्या वेळी त्या अजूनही पाट्यावर वाटतात, आणि वर मला वरवंट्याचा आवाज येतो.

मी दर वर्षी पोळा झाला की वस्तीवर जातो. बसचा वाहक मला ओळखतो. मोहगाव मागे पडले की विचारतो, सर, फाट्यावर उतरायचे ना, आता तिथून सिमेंटचा रस्ता झाला आहे. मी आधीच्या थांब्यावरच उतरतो. वस्तीतले लोक मला काकाजींचे परफेसर म्हणून मान देतात, आणि त्यांच्या मायेचा स्वभाव मला ठाऊक आहे. मी रस्त्याने गेलो, तर एखाद्या वाऱ्यानंतर कुणीतरी दांडा रस्त्याकडे वळवील. तो धोका मी पत्करणार नाही. सौंसरमध्ये म्हणतात, हेही काकाजींच्याच वळणावर गेले. या एका बाबतीत गावाचे म्हणणे मी खोडून काढत नाही.

वाट आता गवताने बुजत चालली आहे. वर्षातून एकदा चालणाऱ्या माणसाने ती कितीशी राहणार? टेकडी चढताना तीनदा थांबावे लागते. माथ्यावर आलो की खाली वस्ती, शेंदराचा दगड, बांबू, आणि त्यावर त्या काड्या दिसतात. त्यांचे तोंड अजून इकडेच आहे. ते माझ्यासाठी नाही, हे मला कळते. मी काठी टेकतो, आणि वाट मोकळी राहावी म्हणून थोडा बाजूला सरकून उभा राहतो.